खेमराजची डेबरी गिटार

खेमराज हेडाऊला चुकलेली वस्तू नजरेसमोर सहन होत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं की तो भरल्या ताटावरून उठून ते सरळ करी. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, टूल-रूममध्ये, त्याची सारी नोकरी गेली. तिथे केसाएवढा फरक पडला की माल भंगारात जातो. लेथवर हा गुण शोभला. घरात आणला आणि वाटोळं केलं.

घरात सरळ करण्याजोगं एकच सापडलं, ते म्हणजे एकुलता एक मुलगा अंकुर. पोरगा डेबरा निघाला. डावखुऱ्याला इकडे डेबरा म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करूनच म्हणतात. मोहाडीच्या एका लग्नात भय्याजीने, म्हणजे खेमराजच्या थोरल्या चुलतभावाने, भर पंगतीत विचारलं, "काहून गा खेमराज, तुहा पोट्टा धुवायच्या हातानं जेवते का?"

पंगत हसली. दुसऱ्या दिवसापासून खेमराज जेवताना आणि अभ्यासाला बसताना पोराचा डावा हात पंच्याच्या पट्टीने पाठीशी बांधू लागला. मारलं कधीच नाही. गाठ आवळली तर नाही ना, हे बोट घालून पाहायचा. मशीनवर लोखंड नीट धरून बसवावं, तसा पोरगा बसवला. वर्षभरात अंकुर उजव्या हाताने लिहू-जेवू लागला. अक्षर कोंबडीच्या पायांचं आलं, पण खेमराजने जाहीर केलं, "झाला सरळ."

शोभाताई, त्याची बायको, तेव्हा काही बोलली नाही. ती पुढे बोलायला शिकली, पण उशिरा.

अंकुर भंडाऱ्याला कॉलेजात गेला, तिथे भूषण नावाच्या मित्राच्या खोलीवर त्याला गिटार दिसली. उचलली ती सरळ डाव्या हाताने वाजवायला. साध्या गिटारीत जाड तार वर असते आणि बारीक खाली. डाव्या हातासाठी गिटार उलटी धरली की जाड तार खाली जाते, बारीक वर येते. मग रीत अशी की तारा काढून जागा बदलायच्या. पण गिटार भूषणची. तो म्हणाला, "तारांले हात लावशील तं बघ बे, मले बी वाजवायची आहे." अंकुर तशाच उलट्या तारांवर शिकला, आणि हात असा बसला की विचारू नका. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दिवसा दंडारीची पथकं नाचतात, रात्री नाटक असतं. त्या सिझनमध्ये नाटकवाले त्याला बोलावू लागले. उरलेलं वर्ष तो तुमसरला मोबाइलच्या दुकानात फुटक्या काचा बदलायचा.

खेमराज एकदाही ऐकायला गेला नाही. मुलगी पाहायची बोलणी निघाली तेव्हा त्याने पाहुण्यांना परस्पर सांगितलं, "पोरगा दुकानात मॅनेजर हाये."

अंकुर समोरच बसला होता. म्हणाला, "मॅनेजर नाही. स्क्रीन बदलतो. अन् सिझनमध्ये नाटकात गिटार वाजवतो."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. त्या संध्याकाळी बापलेकांचं जे वाजलं, त्यानंतर अंकुर तुमसरला खोली करून राहिला. जवाहरनगरहून तुमसर ते किती! पण सणावारालाही तो आईला भेटून, बाप बाहेरून यायच्या आत परत जाई.

मग खेमराज निवृत्त झाला. कारखान्याचं क्वार्टर सुटलं, तो गावी मोहाडीला राहायला आला. तिथे लेथ नाही, काम नाही. मोबाइल पाहता पाहता त्याला कळलं की डावखुऱ्यांसाठी मुद्दाम वेगळी गिटार बनवतात. तो बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. आपण सरळ केलेला हात सरळ झालाच नव्हता, आणि तिकडे जगात लोक त्या हाताला साजेल अशी वस्तू घडवतात, हे त्याच्या मनात काट्यासारखं शिरलं. दोन दिवस तो मोबाइलात तिची मापं शोधत राहिला. मग तांदूळ निवडत बसलेल्या शोभाताईपुढे येऊन उभा राहिला.

"अंकुरसाठी गिटार बनवतो. डेबरी. एकदम अस्सल."

सुपातला हात थांबला. "त्याले विचारलं का?"

"विचारायचं काय त्याच्यात? सारं माप हाये मोबाइलात."

"वाजवते कसा ते तं एकदा पाहून या. सारा तालुका पाहून आला, बापच राह्यला."

"वाजवणं त्याचं काम, बनवणं माहं. बनवणाऱ्याले वस्तू समजली म्हणजे झालं."

"माणसासाठी बनवून राह्यले न?"

खेमराजने हे ऐकलं नाही. त्याला सोयीचं नसलेलं त्याच्या कानात कधी शिरलंच नाही.

बनवली मात्र जीव ओतून, ते नाकारता येणार नाही. सेवकराम सुतार दंडारीचे ढोल कोरतो. त्याच्याकडून शिवणीच्या वाळलेल्या लाकडाची फळी आणली. शिवण हलकी, आणि नादाला चांगली. तिचं धड कापलं, आरशात पाहिल्यासारखं उलट, डाव्या हातासाठी. मान तयार आली कुरिअरने. आवाज पकडणारी पिकअप, तारा पिळायच्या खुंट्या, तारा टेकतात ती घोडी, सारं असंच सुटं सुटं डब्यांतून आलं. वायर जोडताना त्याने आवाजाची बटणंसुद्धा उलट फिरतील अशी बसवली, डाव्या हाताला सोयीची म्हणून. पडदे कळावेत म्हणून मानेच्या कडेला पांढरे ठिपके असतात, तेही वाजवणाऱ्याला दिसतील अशा दुसऱ्या कडेला नव्याने कोरले. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी त्याने पितळेची केली. जाड तारेची खाच वर, बारीक तारेची खाली. पुस्तकात असावं तसं, अगदी बरोबर.

गळ्यातला पट्टा कापताना अंकुरची उंची आठवेना. तेव्हा कपाटातून त्याचा जुना शर्ट काढून त्याने खुर्चीवर अडकवला आणि त्यावर पट्टा लावून पाहिला. शोभाताईने ते दारातून पाहिलं, आणि तिलाही वाटलं की या खेपेला जमेल कदाचित.

खेमराजला हवं होतं ते एवढंच होतं. पोराने गिटार गळ्यात घालावी, या घरात एकदा वाजवावी, आणि त्या दिवशी मुक्कामाला राहावं.

मोहाडीजवळच्याच गावच्या मंडईत अंकुरचा कार्यक्रम होता, दिवसाउजेडी, नाटकाच्या आधीचा. शोभाताईने फोन केला, "भूषणले घेऊन जेवाले ये. पाटोडीचा रस्सा करतो." अंकुर आला. भय्याजीही आला होता. मंडईच्या दिवशी पाहुण्याला बोलावणं लागत नाही.

जेवणाआधी खेमराजने गिटारीवरची खोळ काढली.

"अरे बाप्पा!" भूषण ओरडला. "काका, हे घरी बनवली? कारखान्यात तोफा बनवत होते का गिटारी?"

अंकुरने ती हातात घेतली. शिवणीवरून तळवा फिरवला. कडेचे ठिपके पाहिले, बटण फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला. "बाबा... माह्यासाठी?"

"मग काय भय्याजीसाठी?"

पट्टा नेमका बसला. खेमराजची छाती फुगली. अंकुरने बोटं ठेवली आणि तारा छेडल्या.

भलतंच काहीतरी निघालं. त्याने बोटं हलवली, पुन्हा छेडलं. तेच. शिकाऊ पोराने खरडावं तसं. मान वाकवून त्याने तारा पाहिल्या आणि हळूच म्हणाला, "बाबा, तारा उलट्या लागल्या."

"उलट्या? सुलट्या आहेत त्या! डेबऱ्याची गिटार अशीच असते. विचार या भूषणले."

"तसं बरोबर हाये काका," भूषण अडखळला, "पण हा उलट्यावरच शिकला. याची जाड तार खाली असते."

"सुरुवातीपासून चुकीचं शिकला म्हणा न."

"चुकीचं असन," अंकुर अजून नरमच होता, "पण माहा हात तसा बसला आता. ते पितळी पट्टी तेवढी दुसरी करून द्या न, बाबा. तारा फिरवून घेऊ. बाकी एक नंबर हाये. खरंच."

किती सोपं होतं ते! एका दुपारचं काम. कोणीही शहाणा बाप 'बरं' म्हणाला असता. पण खेमराजसमोर पोरगा नव्हता, नकाशा होता, आणि नकाशात जाड तार वर होती.

"बरोबर वस्तू मी चुकीची करणार नाही," तो म्हणाला. "तूच सवय कर. दोन-चार महिन्यांत हात बसते. लहानपणी नाही बसला का उजवा?"

शोभाताईच्या हातातली पळी तशीच राहिली.

अंकुरने पट्टा गळ्यातून काढला. गिटार पलंगावर अलगद ठेवली, लागणार नाही अशी. "वाढ माय," म्हणाला.

ताटं वाढली. अंकुर बापासमोर बसला आणि डाव्या हाताने जेवू लागला. भात कालवला, रस्सा ओरपला, बोटं चाटली. सवय मोडलेला तो हात जरा चुकत होता, मिशीला रस्सा लागत होता, पण त्याने ताट पुसून संपवलं.

"हे काय बे?" भय्याजीला राहवलं नाही. "एवढा घोडा झाला अन्..."

"पंगतीत तुमचाच प्रश्न होता न, मोठे बाबा?" अंकुर म्हणाला. "हो. याच हातानं जेवतो."

हात धुऊन दोघं निघाले. त्यांची फटफटी वळणाआड गेल्यावर शोभाताई नवऱ्याला म्हणाली, "आता तरी जा. पाहून या."

खेमराज गेला, भय्याजीच्या गाडीवर मागे बसून. गर्दीत फुगेवाल्याआड उभा राहिला. स्टेजवर अंकुर होता, गळ्यात भूषणची तीच जुनी गिटार, उलटी टांगलेली. बटणं कोपराखाली अडकत होती, वायर वरून लोंबत होती. सारं चुकीचं! पण डाव्या हाताचा अंगठा खालच्या जाड तारेवर जो पडत होता, त्यासरशी पुढची माणसं जागच्या जागी डोलत होती, आणि वरची बारीक तार तो अशी ओढत होता की ती रडायचीच बाकी होती. हे सुलट्या तारांवर होणारं नव्हतं. खेमराजला ते कळलं. यंत्र कळणाऱ्या माणसाला चालतं यंत्र पाहिल्यावर कळतंच.

"तुहा डेबरा तं लय भारी वाजवते बे!" भय्याजी कानात ओरडला. पंगतीतलं बोलणं त्याच्या आठवणीतही नव्हतं. असली माणसं बोलून मोकळी होतात.

खेमराज स्टेजकडे गेला नाही. घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पितळेची नवी पट्टी कापायला बसला. खाचा फिरवल्या, तारा फिरवल्या, घोडीवरचे ठोकळे पुन्हा मागेपुढे सरकवून सूर जुळवले. आता ती गिटार अंकुरखेरीज दुसऱ्या कोणाच्या कामाची उरली नव्हती.

शोभाताईने स्वतः फोन लावून त्याच्या हातात दिला.

"हां, अंकुर. ते गिटार... दुरुस्त केली."

"काय बिघडलं होतं तिच्यात?"

"पट्टी उलटी होती."

"कोणी केली होती उलटी?"

खेमराजने शोभाताईकडे पाहिलं. ती पाहतच होती. "झालं होतं तसं," तो म्हणाला.

पलीकडून कोणीतरी अंकुरला नाटकाच्या तालमीला हाक मारली. मग अंकुर म्हणाला, "ठेवा मग. सिझन चालू हाये. टाइम भेटला की येतो."

होळी झाली, सिझन संपला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे दिवस आले. दुकानातल्या काचांना सुट्टी नसते म्हणे. गिटार खोळीत घालून खुंटीला टांगली आहे. अधूनमधून भय्याजी येतो, खोळ काढायला लावतो, दोन तारा टणटणवून म्हणतो, "एवढी मस्त वस्तू, अन् वाजत काहून नाही बे?"

एकदा भय्याजी गेल्यावर खेमराज पुटपुटला, "पट्टी बदलली न मी. अजून काय पाह्यजे त्याले?"

शोभाताई म्हणाली, "फोनवर 'झालं होतं तसं' म्हणाले न? त्याच्या जागी एक शब्द बोलाचा होता."

"कोणता?"

"साठी उलटली तुमची. ते बी मीच सांगू?"

खेमराज उठला. खोळ काढली, फडकं आणलं, आणि पितळ काळं पडलंय का ते पाहू लागला.