कंसातले पाटील आणि कदम मॅडम

कदम मॅडमकडे अडचण घेऊन गेलं की त्या आधी स्क्रीनकडे बघतच नसत. खुर्ची थोडी मागे सरकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हं, बातमी वाच." बातमी म्हणजे प्रोग्राम अडला की स्क्रीनवर लाल अक्षरांत येतो तो मजकूर. तो उभं राहून, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा वाचायचा. एखादी ओळ गाळली तर डोळे न उघडता त्या म्हणत, "मागं जा. मधली वळ खाल्लीस."

मला या वाचनाची फार भीती वाटायची. मी जत तालुक्यातली. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. 'कमवा आणि शिका' योजनेतून मला सांगलीच्या कॉलेजच्या संगणक विभागात काम मिळालं, तेव्हा पहिल्याच दिवशी एका इंग्रजी शब्दावर मी इतकी अडखळले की मुलं हसायला लागली. मॅडमही हसल्या. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "दात काय काढताय? ती वाचती तरी. तुमी तर न वाचताच डायरेक नेटवर टाकता."

मॅडम कोरेगावजवळच्या खेड्यातल्या. नवरा सैन्यात, त्यामुळे निम्मा देश बघितलेला. बाहेरच्या माणसाशी फोनवर अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. फोन ठेवून सर्व्हरच्या खोलीत शिरल्या की गावचं बोलणं सुरू. सर्व्हरवरची धूळ पुसताना त्यालाच म्हणायच्या, "लय तापलायस रं बाबा आज."

त्या खोलीतल्या सर्व्हरांपैकी एक होता डिरेक्टरी सर्व्हर. कॉलेजातल्या प्रत्येकाची ओळख तो सांभाळतो. कुणी कुठल्याही कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की तो कॉम्प्युटर या सर्व्हरला विचारतो, हा आपला माणूस आहे का? आतल्या नोंदी झाडासारख्या मांडलेल्या असतात. आमच्या झाडाला दोन फांद्या होत्या, एक सांगलीच्या कॉलेजची आणि दुसरी साताऱ्याच्या शाखेची.

हा सर्व्हर जुना झाला होता आणि त्याच्या जागी नवा येणार होता. कार्यालयाच्या यादीतलं प्रत्येक नाव जुन्या सर्व्हरमध्ये शोधायचं, सापडलं तर नव्यात न्यायचं, एवढं करणारी स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम, मॅडमनी मला लिहायला सांगितली. न सापडलेल्यांची यादी दुपारपर्यंत कार्यालयात द्यायची होती. सोडून गेलेल्यांच्या नोंदी जुन्या सर्व्हरमधून आधीच काढल्या जात, म्हणून हेही गेलेले समजून नव्यात त्यांना लॉगिन मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा कॉम्प्युटरवर होती. लॉगिन नाही तर परीक्षा नाही.

माझी स्क्रिप्ट सरसर चालली. एकही लाल अक्षर नाही. मी आनंदाने यादी छापून मॅडमकडे गेले.

"मॅडम, एकही एरर आला नाही."

सवयीने मिटलेले डोळे मॅडमनी उघडले. "एकबी न्हाई? मग मला भ्याव वाटाय लागलंय. आन ही एवढी लांब यादी कुणाची?"

"सापडले नाहीत ते. सोडून गेले असतील."

"वाच नावं."

मी उभी राहिले आणि वाचू लागले. पाटील. पाटील. जाधव. पाटील. पुन्हा पाटील. मागून कुणीतरी खुसखुसलं. मी "पाटील संदीप, माधवनगर" असं वाचलं आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरून एक मुलगा ओरडला, "मॅडम, मी हितंच हाय की!"

"आरं, तू गेलास म्हणं कॉलेज सोडून!" मॅडम म्हणाल्या.

"कवा? मला न्हाई सांगितलं कुणी!"

लॅब हसून हसून लोटपोट झाली. मला मात्र रडू येत होतं. मॅडमनी मला शेजारी बसवलं. "महादेवी, सर्व्हरनं काय सांगितलं ते मागनं बघू. तू त्याला इचारलंस काय, ते दाव आधी."

मी स्क्रिप्ट उघडली. शोधाच्या ओळीखाली मी लिहिलं होतं की एखाद्या नावाला प्रोग्राम अडला तर थांबायचं नाही, ते नाव सापडलं नाही असं धरायचं आणि पुढे जायचं. एका व्हिडिओत मी तसं बघितलं होतं. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"चुकीचं तोंडच बांधलंस व्हय गं? ती बिचारी सांगाय आलीया, आन तू तिला दारातनंच परत लावतीयास. काढ ती वळ."

मी ओळ काढली. पहिल्याच पाटलाला लाल अक्षरं उमटली. मॅडमनी डोळे मिटले. मी उभी राहून, एकही ओळ न गाळता वाचलं: बॅड सर्च फिल्टर.

"म्हंजी काय?"

"म्हणजे..." मी थांबले. "म्हणजे तो माणूस नाही, असं सर्व्हर म्हणतच नाहीये. मी काय विचारतेय तेच त्याला कळत नाहीये."

"हां. का कळंना?"

मी नावाकडे पाहिलं. 'पाटील संदीप (माधवनगर)'. या सर्व्हरला विचारायचा प्रश्न कंसात लिहावा लागतो. गावाभोवतीचा कंस बंद झाला की त्याला वाटायचं, प्रश्न इथेच संपला. मग उरलेल्याचं काय करायचं, हे त्याला समजायचं नाही.

"मॅडम, कंस!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कॉलेजात कधीच बोलले नव्हते.

कंस घातले होते कार्यालयातल्या शिंदे काकांनी, यादीतही आणि सर्व्हरच्या नोंदींतही. मॅडमनी त्यांना बोलावलं. ते आधीच बाजू मांडायला तयार होते. "आवं मॅडम, एका वर्गात तीन संदीप पाटील. हाक मारली की तिघंबी उठत्यात. मग कंसात गाव न लिवून कसं चालंल?"

आता मॅडम कंस खोडायला सांगणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं बराबर हाय." आणि माझ्याकडे वळल्या. "नाव काकांनी नीटच लिवलंय. तुझा प्रश्न दुरुस्त कर."

नावातला कंस हा प्रश्नाचा कंस नाही, हे सर्व्हरला कळेल अशा खुणेत नाव गुंडाळून पाठवावं लागतं. त्याची तयार सोय पायथनमध्ये निघाली. मी ती जोडून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकेक हरवलेला परत यायला लागला तशी मुलं भोवती जमून ओरडू लागली, "माधवनगर आलं! मिरज आलं! पलूसबी आलं!" शिंदे काका तर सामना बघायला आल्यासारखे खुर्ची ओढून बसले. शेवटी खरोखर सोडून गेलेली मोजकी नावं उरली. यादी वेळेत गेली आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही संदीप पाटलांनी परीक्षा दिली.

त्यानंतर मला वाचायची भीती वाटली नाही, असं म्हणता येणार नाही. पण मी वाचत राहिले.

पुढच्या वर्षी मॅडमची साताऱ्याच्या शाखेत बदली झाली. सर्व्हरमधली त्यांची नोंद सांगलीच्या फांदीवरून साताऱ्याच्या फांदीवर मीच हलवली. तेवढं करायला मला उगीचच बराच वेळ लागला.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "महादेवी, माझ्या लॅपटॉपवर लॉगिन हुईना गं. काय केलंस माझं?"

मी जरा अडखळले. मग धीर करून म्हणाले, "मॅडम, आधी बातमी वाचा."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांनी खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून वाचलं. साताऱ्याच्या लॅबला ते नक्की ऐकू गेलं असणार. अशी नोंदच नाही, असं सर्व्हर म्हणत होता. नोंद तर मी माझ्या हातांनी ठेवली होती. मी त्यांना लॅपटॉपच्या वेगळ्या, सर्व्हरला न विचारणाऱ्या लॉगिनने शिरून सेटिंग उघडायला सांगितलं. कुठल्या फांदीवर शोधायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. तीही ओळ त्यांनी वाचली.

"मॅडम, तुम्ही साताऱ्यात आहात," मी म्हणाले, "पण तुमचा लॅपटॉप तुम्हाला अजून सांगलीतच शोधतोय."



"व्हय का?" मॅडम म्हणाल्या. "मग शोधू दे की आजच्या दिवस. उद्या बदलू."