कललेला मनोरा

चिलोएच्या बेटांवरची लाकडी चर्चं आन्सेल्मो बार्रियाने इतक्यांदा टिपली होती की, कुठल्या बेटावर कोणाचं कुत्रं चावतं हेही त्याला पाठ होतं. होडीने फिरायचं, फोटो काढायचे, त्यांची दिनदर्शिका छापून अंकुदच्या बाजारात विकायची, हाच त्याचा संसार. लग्नाला सवड मिळाली नाही, असं तो सांगे; खरं तर कोणी विचारलंच नव्हतं.

एका लहानशा बेटावरचं चर्च त्याचं फार लाडकं. मनोऱ्यावरच्या लाकडी पट्ट्या शेवाळून हिरव्यागार झालेल्या. यंदाच्या उन्हाळ्यात तो गेला, तेव्हा चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या दोन्या एदेल्मिराच्या अंगणात नव्या पट्ट्यांची चळत लागली होती. मिंगा ठरली होती. म्हणजे सगळं गाव हातोड्या घेऊन फुकट राबणार आणि म्हातारी सगळ्यांना जेवू घालणार.

"एवढं वर्ष थांबा की हो," आन्सेल्मो गयावया करत म्हणाला. "या हिरव्या रंगासाठी तर लोक लांबून येतात. नव्या पट्ट्या ठोकल्यात तर गोठा दिसेल, गोठा!"

"मेल्या, तुझ्या फोटोत पाणी गळत नाही. माझ्या डोक्यावर गळतं."

पण दिनदर्शिकेच्या मुखपृष्ठावर आपलं चर्च येणार म्हटल्यावर म्हातारी विरघळली. तिनेच गावाची समजूत घातली आणि मिंगा पुढच्या वर्षावर गेली.

हिवाळ्यातल्या वादळाने मनोरा कुजक्या खांबांसकट खाली आणला.

बातमी कळल्यापासून आन्सेल्मोला अन्न गोड लागेना. अपराध आपला आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थंडी ओसरल्यावर तो फोटोंची पेटी घेऊन गेला. दोन्या एदेल्मिराने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने मात्र त्याला चुलीशी बसवलं आणि बटाट्याचा गरम मिल्काओ पुढ्यात ठेवला.

"बरं झालं आलास. होता तसाच मनोरा उभारायचाय. मागची बाजू, आतले सांधे कोणाला नीट आठवत नाहीत. तुझ्याकडे असतीलच फोटो."

आन्सेल्मोने पेटी उपसली. उन्हातला मनोरा, धुक्यातला मनोरा, सगळे समोरून. मागे चिखल असे, म्हणून तो कधी तिकडे फिरकलाच नव्हता.

"नाहीत," तो म्हणाला. "माझ्यामुळे पडला, दोन्या एदेल्मिरा. मी तुम्हाला अडवायला नको होतं."

"तुझं ऐकलं ते मीच ना? खा, गार होतंय."

तिने पेटीतून नवी दिनदर्शिका उचलली आणि मुखपृष्ठ खिडकीपाशी धरलं. बराच वेळ ती बघत राहिली.

"हे बघ, इथे मनोरा कललाय. आम्ही रोज खालून जायचो, आम्हाला कळलं नाही. तुला तरी दिसलं होतं का रे?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिने विश्वासही ठेवला असता.

"दिसलं होतं," आन्सेल्मो म्हणाला. "फोटोत छान वाटत होतं."

दोन्या एदेल्मिराने त्याच्या पुढ्यातली ताटली उचलून घेतली.