न दाखवलेला खड्डा

दुकानात येणाऱ्या प्रत्येक तरुणाला चष्मेवाला एक वाक्य ऐकवायचा, आणि तेही असं, की जणू त्या क्षणीच सुचलंय. "चष्मा आपल्या नाकाच्या मापाने घ्यावा. शेजाऱ्याच्या नाकावर शोभतो म्हणून घेऊ नये." काउंटरमागे फ्रेमा पुसणाऱ्या बायकोला हे इतकं पाठ होतं, की तो श्वास घ्यायला थांबला तर उरलेलं ती पूर्ण करी. गिऱ्हाईक हसे आणि मुकाट्याने आपल्या मापाची फ्रेम घेऊन जाई.

माणूस सरळ होता. छोटं दुकान, मागे पडदा लावलेली डोळे तपासायची काळोखी खोली, आणि आठवड्यातली एक सकाळ सायकलींच्या क्लबची. बाकीचा आठवडा तो त्या सकाळच्या जिवावर ढकलायचा.

क्लबातली मंडळी एकामागे एक, चाकाला चाक लावून जात. अशा ओळीत मागच्याला पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. म्हणून रस्त्यात खड्डा आला, काच आली, की सगळ्यात पुढचा हात खाली करून त्या बाजूला दाखवतो. त्याचा हात पाहून त्याच्या मागचा दाखवतो, मग त्याच्या मागचा. तो हात असा ओळीच्या शेपटापर्यंत पोचतो. पुढचा माणूस म्हणजे सगळ्यांचे डोळे. हा मान वर्षानुवर्षं चष्मेवाल्याचा होता. त्याला खड्डा इतक्या लांबून दिसायचा की क्लबाने त्याचं नाव 'दुर्बीण' ठेवलं. खरं सांगायचं तर आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा त्याला हेच जास्त आवडायचं.

त्याच्या चाकामागची जागा सिस्टरची. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं होतं.

"तुम्ही पुढे असलात ना, दुर्बीणराव, की मी डोळे मिटून चालवते."

"मिटू नका हो सिस्टर, माझा धंदा बसेल!"

दर आठवड्याला हाच विनोद, आणि दर आठवड्याला दोघंही तितकंच हसत.

मग क्लबात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, पायांत वारं भरलेला, बुडाखाली पिसासारखी हलकी सायकल. चष्मेवाल्याची सायकल जुनी होती, पण गुणी. हँडल जवळ आणि उंच, ताठ बसून जग बघत जावं असं. कातड्याची सीट इतक्या वर्षांत त्याच्या बैठकीच्या आकाराची झालेली. वजनाला मात्र भरपूर. चढावर मेहुणा शेजारी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, हे कपाट कुणाच्या घरी पोचवायचंय? ढकलू का जरा?"

ओळ हसली. सिस्टरही हसल्या. सगळ्यात मोठ्याने चष्मेवाला हसला. ज्याला लागतं तो तसाच हसतो.

पुढच्याच आठवड्यात तो सायकलच्या दुकानात उभा. कुणा उंच माणसाची वापरलेली, शर्यतीची, काळीभोर. बघताक्षणी जीव जडला. दुकानदाराने त्याला वर बसवलं, बाजूने पाहिलं आणि मान हलवली. "काका, गाडी एक नंबर आहे. पण तुमच्या मापाची नाही. हँडल लांब पडतंय, सगळा भार तळहातांवर येणार."

"सवय होते शरीराला."

नाकाच्या मापाचं ते वाक्य या वेळी त्याला कसं आठवलं नाही, देव जाणे. की आठवलं, आणि त्याने ते गिळलं?

शरीराला सवय झाली नाही. आधी मान धरली, मग कंबर. त्याने सीट पुढे सरकवली, जाड हातमोजे घेतले, हँडलवर पट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. तरी तासाभराने करंगळीला मुंग्या यायच्या, मग शेजारच्या बोटाला, मग दोन्ही बोटं लाकडाची व्हायची. दुकानात चष्म्याचे बारीक स्क्रू हातून निसटू लागले. बायकोने विचारलं तर म्हणाला, वय झालं. क्लबात विचारलं तर म्हणाला, लोण्यासारखी चालते!

उतारावर खरी पंचाईत. एक हात सोडला की दुसऱ्या बधिर हातात हँडल लटपटायचं. मग त्याने लहान खड्डे दाखवणं सोडलं. स्वतः अलगद वळायचा, मागची चाकं आपोआप वळायची. काही झालं नाही. मग मधले खड्डे सोडले. तरी काही झालं नाही. चूक अशीच वाढते, गरीब गाईसारखी, आवाज न करता.

त्या सकाळी पुलापलीकडच्या उतारावर खड्डा होता. चांगला घमेलं बसेल असा. त्याला तो नेहमीसारखा लांबूनच दिसला. हात हँडलवरून सुटेना. ओरडता आलं असतं. तोंडाला काही मुंग्या आल्या नव्हत्या. पण ओरडला असता तर मागून मेहुण्याचा आवाज आला असता, "दाजी, हात कुठे गेला?" एवढ्याशा गोष्टीसाठी तो गप्प राहिला आणि वळला.

मागून आधी धातूचा आवाज आला, मग माणसाचा.

सिस्टर रस्त्यावर बसल्या होत्या, एका हाताने दुसरा हात धरून. "गळ्याजवळचं हाड गेलंय. कुणी हात लावू नका." स्वतःचं निदान स्वतःच. मग वर चष्मेवाल्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही दाखवला असणारच हो. मलाच दिसला नाही."

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून आलं, "आधी पाणी घ्या."

मेहुण्याने परस्पर निकाल लावला: सिस्टरची नजर गेली, वय कुणाला चुकलंय! चष्मेवाल्याने तो निकाल लागू दिला. त्यांना भेटायला तो गेलाच नाही. फळं घेऊन बायकोला पाठवलं आणि ती परत येईपर्यंत दुकानात तीच तीच काच पुसत बसला.

महिन्याभराने, हात झोळीत अडकवलेल्या सिस्टर दुकानाची पायरी चढल्या.

"डोळे तपासा, दुर्बीणराव. वाचायचा चष्मा आहे, पण लांबचं गेलंय माझं."

काळोख्या खोलीत समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळला. सिस्टरनी वरची ओळ वाचली, मधली वाचली, शेवटची बारीक ओळ वाचली, आणि खाली कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

एक 'बरोबर' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण मग पुढचा प्रश्न येणार होता, तुमचा हात का दिसला नाही? त्याचा हात भिंगांच्या पेटीकडे गेला. पाव नंबर. पाव नंबराने कुणाचं काय बिघडतं? त्याने ते भिंग त्यांच्या डोळ्यापुढे सरकवलं. "हे बरं, की आधीचं?"

सिस्टर घुटमळल्या. "हे... हेच बरं ना?"

"हेच," तो म्हणाला. काळोख होता म्हणून बरं. आपलं तोंड कुणी बघू नये असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

बाहेर बायकोने फ्रेमा मांडल्या. "ही घ्या ताई, गोऱ्या रंगाला शोभेल."

"कुठलीही द्या. सायकल भाचीला देऊन टाकतेय. आता चष्मा घालून बाल्कनीतल्या कुंड्याच तर बघायच्यात."

"अहो, सायकल कशाला देताय?"

"ज्याला पुढच्याचा हात दिसत नाही त्याने ओळीत असू नये. उद्या माझ्यामुळे मागचा पडायचा."

एका हाताने फ्रेम चढवता येईना, म्हणून त्यांनी तोंड चष्मेवाल्याकडे केलं. आयुष्यभर हजारो नाकांवर त्याने फ्रेमा बसवल्या असतील. या वेळी काडी कानामागे जायच्या ऐवजी त्यांच्या भुवईत रुतली.

"आई गं! लक्ष कुठे आहे तुमचं?"

"मी दाखवलाच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"खड्डा. मला दिसला होता. बोटं बधिर होती, हात सुटेना. ओरडायची लाज वाटली. तुमची नजर उत्तम आहे, सिस्टर. नंबर त्या आतल्या भिंगात होता, तुमच्या डोळ्यांत नाही."

बायकोने पुसून झालेली फ्रेम पुन्हा पुसायला घेतली.

सिस्टरनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "म्हणजे आत्ता आत, ते 'हेच' म्हणालात तेसुद्धा..."

"हो."

"पडले त्याचं काही नाही. हाडं जुळतात." आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "पण महिनाभर मी घरात एकेका खिडकीशी उभी राहून बघतेय, मला काय काय दिसेनासं झालंय ते. रस्ता ओलांडताना भाचीचा हात धरते मी."

सिस्टरनी झोळीची टाचणी काढली. "हात पुढे करा. डोळे मिटा. कळतंय?"

"नाही."

"आता?"

"टोचलंत?"

"रक्त येईल इतकं टोचलंय, गाढवा!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अहो-जाहो विसरल्या. "हँडलवर भार पडून नस दबलीय. डॉक्टरकडे जा. ती गाडी आधी घराबाहेर काढा. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की चूक माझी. आता खरं काय ते तुम्ही सांगायचं. मी समोर उभी असेन."

त्यानंतरच्या क्लबच्या सकाळी, निघायच्या आधी, सगळे सायकली टेकवून उभे असताना त्याने सांगितलं. कुणीतरी चांगुलपणाने म्हणालं, "जाऊ द्या, होतं असं." सिस्टर म्हणाल्या, "झालं नाही. केलं." मेहुण्याने एकही विनोद केला नाही, आणि चष्मेवाल्याला तेच जास्त लागलं.

काळी गाडी मेहुण्याने नेली. ती त्याच्या मापाची निघाली. "दाजी, काय गाडी आहे हो!" असं तो अजून म्हणतो, आणि दाजी मान खाली घालून जुन्या सायकलीत हवा भरतात. शेजारचं बोट जागं झालं, करंगळी अजून अर्धवट झोपेत आहे. ओळीत पुढची जागा त्याने सोडली. तो सगळ्यात शेवटी जातो. 'दुर्बीण' हे नाव मात्र सुटलं नाही. चिकटलेलं नाव खरवडून निघत नसतं. कुणी हाक मारली की त्याचे कान तापतात.

हाड जुळून सिस्टर सायकलवर परत आल्या त्या दिवशी कुणाला न विचारता त्याच्या बरोबर पुढे उभ्या राहिल्या. "डोळे उघडे ठेवा," एवढंच म्हणाल्या, वळून न बघता.

पुलापलीकडचा खड्डा कुणी बुजवलेला नव्हता. पुढून हात खाली येत आले, एकामागून एक, मग सिस्टरचा हात, बोट ताठ, जरा जास्तच वेळ धरलेला. चष्मेवाल्याच्या मागे कुणीच नव्हतं. तरी त्याने हँडलवरून हात काढला, खाली केला, आणि खड्डा पार मागे पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.