दाळमिल निर्दोष असल्याचा दाखला

सर मिलच्या फाटकात आले की आधी पंजा उचलायचे, चौकातल्या हवालदारासारखा. "शेठ, तासभर बंद ठेवा की."

हमालीपासून सुरुवात करून मी लातुरात ही दाळमिल उभी केली. मागच्या भिंतीला लागून कॉलेजची प्रयोगशाळा. तिथे सर संशोधन करायचे. मिल बंद ठेवा म्हणणारा माणूस मला आवडणं शक्यच नव्हतं. पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, धड भांडताही येत नाही त्यांच्याशी.

"काय अडलंय तुमचं?"

सरांनी समजावलं. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाच्या स्फटिकातला, डोळ्यांना न दिसणारा ठिपका. त्यात एकच इलेक्ट्रॉन कोंडायचा. तो एकाच वेळी दोन अवस्थांत राहतो. भोवतालचा जरा धक्का लागला की बिघडतो. "त्याची सुसंगती मोडते, शेठ. तुमच्या मिलनं."

"किती वेळ टिकायला पाहिजे?"

"सेकंदाचे अब्ज भाग करा. त्यातले वीस-पंचवीस टिकले तरी लई झालं."

"मग तासभर कशाला मागायलात?"

"लाखो वेळा मोजावं लागतं."

घासाघीस करून चाळीस मिनिटांवर ठरलं.

दोन वर्षं मिल रोज तेवढा वेळ बंद. तरी इलेक्ट्रॉन टिकेना, आणि मोंढ्याच्या धान्यबाजारात अडत्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे म्हणू लागले, याच्या मिलनं सरांचं संशोधन बुडवलं. माझं डोकं फिरलं. घाम गाळून कमावलेलं नाव ते!

मग एक दिवस सर मान खाली घालून आले. "शेठ, मिल न्हाई. स्फटिकातल्याच अणूंची केंद्रकं इलेक्ट्रॉनला डिवचायलीत. घरातलीच भानगड हाय."

"मला एकट्याला सांगून काय उपयोग? लेखी द्या. मोंढ्यात लावतो."

त्यांनी तिथंच लिहिलं, 'दाळमिल निर्दोष आहे.' खाली आणखी एक ओळ, 'तथापि आवाज फार होतो.'

"ही ओळ काढा."

"खोटं कसं लिहू? होतो की."

"मग 'फार' तरी काढा!"

चहा दोनदा झाला. शेवटी सरांनी 'फार' खोडलं आणि शेजारी सही केली.

निवृत्तीनंतर ते मुखेडला गेले. दाखला मी फ्रेम करून मोंढ्यात लावला. पण येणारा-जाणारा नेमकी ती खालची ओळ वाचून हसायचा. परवा चिडून फ्रेम काखेत मारली आणि मुखेडची एसटी धरली. ओळ खोडून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच.

सर वारून महिना झाला होता. त्यांच्या मुलीनं फ्रेम हातात घेतली.

"बाबांचं अक्षर. मला देता का, काका?"

"न्हाई," मी म्हणालो. "फोटो काढ पाहिजे तर."

परतीच्या एसटीत फ्रेम मांडीवर होती. शेजारच्या माणसानं वाकून सगळं वाचलं आणि खालच्या ओळीला हसला.

मी त्याला हसू दिलं.