पेटलेल्या पाण्याखालून

माझे वडील बोलू लागले की पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या ओसरीत जळक्या तेलाचा वास येतो. नौदलातून निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षे झाली. लढाईच्या आठवणी मी अलीकडे त्यांच्याकडून ऐकते आणि वहीत उतरवते. त्या दुपारी मात्र त्यांना बोलते केले माझ्या वहिनीने. तिची लेक, माझी भाची, नौदलात निवडली गेली होती. आठवड्याभरात निघणार होती.

"मामा, हिला ते जळालेल्या लोकायचं सांगा," वहिनी सासऱ्यांना म्हणाली. "मंग बघू कशी जाती."

वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दुश्मनाचं जहाज आमच्याच तोफांनी फोडल्तं. मंग त्यांचीच माणसं उचलायला आम्हाला होडीतून धाडलं. पाण्यावर तेल पसरल्तं, अन् तेल पेटल्तं. पोरं खालून वर यायची, तोंड उघडायची अन् आगच गिळायची. ओरडायला जायची, तर नुसता धूर निघायचा. एकाचा हात धरून ओढला. तो गेला खाली. कातडी माझ्या मुठीत राह्यली, नखांसकट."

वहिनीने पदर तोंडाशी धरला. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका हवेत होता. माझ्या जिभेवर तो करपलेल्या मांसासारखा उतरला.

भाचीने मात्र मान खाली घातली नाही. "त्यांनी वर कसं यायला पाह्यजे व्हतं, आबा?"

वडिलांनी दोन्ही तळवे पुढे केले. "आधी हात. हातानं तेल बाजूला हाणायचं, डोळे बंद, त्या भोकात एक श्वास. परत खाली."

"शिकवा."

"मी भेव घालायला सांगितलं," वहिनी म्हणाली, "तुम्ही तर शिकवणीच लावली."

वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या वस्तीचा हात लागलेला चालत नसे. पोहायला ते नौदलातच शिकले. शेतातली विहीर त्यांनी पुढे स्वतः खोदून घेतली. दुसऱ्या सकाळी तिच्यात त्यांनी तुरीचा भुसा टोपल्या टोपल्यांनी ओतला. हिरवे पाणी दिसेनासे झाले. वर उरली एक तपकिरी, श्वास कोंडलेली त्वचा.

भाचीने सूर मारला. वर आली ती तोंडानेच. भुसा घशात गेला, ती गुदमरली, ओकली.

"मेलीस," वडील काठावरून म्हणाले. "परत."

पुढच्या खेपेला हात आधी आले, पण डोळे उघडे होते.

"आंधळी झालीस. परत."

मग तिचे कपाळ कपारीवर आपटले. भुशावर रक्त पसरले, जास्वंदीइतके लाल.

"मामा, बास करा. रक्त आलं."

"तिथं पुसायला कोण्ही न्हाई."

भाचीने दात आवळले आणि पुन्हा बुडी मारली. आता दोन तळवे भुसा फाडत वर आले, सपासप फिरले. हिरव्या पाण्याचे एक वर्तुळ उघडले, त्यात मिटल्या डोळ्यांचा एक चेहरा, एक श्वास. आणि वर्तुळ मिटले.

वहिनीने पदर खोचला. डोळे पुसायलाही न थांबता तिने भुशाची भरलेली टोपली उचलली आणि जिथे बुडबुडे फुटत होते नेमकी तिथेच उपडी केली.

"ये आता," ती पाण्याला म्हणाली.