मामाने मोडलेला कळस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. भाचीच्या लग्नात मी जे करून ठेवलं, ते आमचे नातेवाईक अजून सांगतात. आणि चुकीचं सांगतात, हे जास्त लागतं!

ऐंशी-नव्वदच्या मधली गोष्ट. मी वर्तकनगरला राहायचो आणि एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो, म्हणजे वेळेचा किती पक्का ते सांगायला नको. लग्नाआधी आठच दिवस डॉक्टरांनी मला डायबेटिसची नवी गोळी दिली.

"दोन्ही जेवणांआधी अर्धा तास. थरथरलं, घाम फुटला, तर लगेच साखर खायची."

आता सांगा, डायबेटिसवाल्याला साखर खा म्हणणारा डॉक्टर! मी मनात म्हटलं, बिचाऱ्याकडे गर्दी फार, गोंधळ होतो कधीकधी. बायकोने मात्र माझ्या खिशात खडीसाखरेची पुडी कोंबलेली. ती मी करवल्यांना वाटून टाकली.

हे सगळं गुपचूप बरं का! ताईने, म्हणजे मुलीच्या आईने, मला बजावलेलं, "हे बघ, मुलाकडे कळता कामा नये. घराण्यातच आजार आहे म्हणतील आणि पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील."

लग्न खोपटच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त बारा दहाचा. बुफे अजून आमच्यापर्यंत पोचायचा होता. मी हिशेब मांडला, अक्षता पडल्या की साडेबाराला पंगत. बरोब्बर बाराला गोळी गिळली आणि भाचीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

अक्षता वेळेवर पडल्या. पानं वेळेवर मांडली. मी रुबाबात बसायला गेलो, तर ताईने दंड धरला.

"अरे, कुठे? आधी मुलाकडचे! तू जिलबी वाढ."

अहो, मुलीकडचे शेवटच्या पंगतीला जेवतात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं! फक्त टाइम ऑफिसला ठाऊक नव्हतं.

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. दीड वाजला. मी परात घेऊन "घ्या हो, एकच, माझी शपथ!" करत फिरतोय आणि हात असा थरथरतोय की एका आजोबांच्या वरणातच जिलबी पडली. घामाने सदरा ओला.

"मामांना फारच भरून आलंय," आजोबा वरणातली जिलबी उचलत म्हणाले.

मला वाटलं, जिलबीच्या नुसत्या वासानेच साखर चढली! आणखी एक गोळी घ्यायला हवी.

रुखवताच्या खोलीत कोणी नव्हतं. मधोमध बायकोने आठ दिवस खपून केलेलं नारळाच्या वड्यांचं देऊळ, त्यावर साखरेचा कळस. मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, पण बोटं ऐकेनात.

"मामा, ती कितवी गोळी?"

मागे साक्षात विहीणबाई! कल्याणच्या, नवऱ्या मुलाच्या आई.

"दुसरी," मी पुटपुटलो.

"जेवलात?"

"नाही अजून."

"अहो, मग साखर उतरलीय तुमची!" बाईंनी पाकीट हिसकावलं, देवळाचा कळस कडकन मोडला आणि माझ्या तोंडात घातला. "चावा!"

मी चावला. पाठोपाठ देवळाची एक भिंत आली, तीही खाल्ली. हळूहळू थरथर थांबली.

"आमच्या ह्यांना पाच वर्षं आहे ही गोळी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोलला नाहीत ते!"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

नेमकी त्याच वेळी ताई वऱ्हाडातल्या बायकांना रुखवत दाखवायला घेऊन आली. देवळाला कळस नाही, भिंत नाही, आणि मामाच्या मिशीला साखर! ताईचा चेहरा पांढराफटक.

"अगंबाई, आम्ही बघायच्या आधीच खाल्लं?" मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या.

संपलं! पोरीच्या नशिबी आता जन्मभराचा टोमणा, आणि तो माझ्यामुळे.

विहीणबाईंनी शांतपणे पदर खोचला. "अहो वन्सं, विसरलात? आपल्यात मुलीच्या मामाने आधी कळस मोडायचा. मीच मोडायला लावला. चला मामा, आता वरमाईशेजारी बसून जेवायचं."

आणि आत्याबाई काय म्हणाव्यात? "हो हो, माझ्या लग्नातही मोडलेला!"

काय बाई होती! एका दमात नवी रीत काढली, माझा जीव वाचवला, ताईची लाज राखली, आणि माझा आजार शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नाही. अशी सासू मिळाली म्हणून मी भाचीचा हेवा करायचो.

पण ती रीत चिकटली हो! परवा भाचीच्या मुलीचं लग्न झालं. तिच्या मामाने कळस मोडला. गुरुजींनी अर्थ सांगितला, "कळस म्हणजे मोह." मागे एक जावई बायकोच्या कानाला लागलेला, "ते म्हातारे बसलेत ना, त्यांच्यापासून सुरू झालं. गोडाचे भारी हावरे! भाचीच्या लग्नात दम निघाला नाही, उभं देऊळ खाल्लं!"

इतकी वर्षं बिनसाखरेचा चहा पिणारा मी, हावरा? खुलासा करायला ताडकन उठलो, तोंड उघडलं... आणि भाचीने मानाचा म्हणून कळसाचा तुकडा त्यात घातला.