वालूरच्या प्रल्हादचा कंपायलर

आमच्या कॉम्प्युटर रूमचे किस्से इचारू नका! जुने चार लोक चहाला बसले की एकातून दुसरा निघतो, अन् दर किस्स्यात प्रल्हाद असतोच. नव्वदच्या आसपास परभणीतल्या एका संस्थेत मी ऑपरेटर होतो, पर्मनंट. प्रल्हाद वालूरचा, बौद्ध घरचा, आमच्याकडं रोजंदारीवर. त्याला एकच पाहिजे होतं, पर्मनंटची ऑर्डर.

*

मशीनं तीन, तीन कंपन्यांची. एकावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा न्हाई. तशात कुणीतरी पुण्याहून पास्कलचा, म्हंजे प्रोग्राम लिहायच्या एका भाषेचा, कंपायलर फ्लॉपीवर आणला. कंपायलर म्हंजे आपण लिहिलेलं मशीनला समजंल असं करून देणारा प्रोग्राम. सोर्ससकट, म्हंजे त्याच्या आतल्या सगळ्या ओळींसकट, फुकट, पाहिजे तसा बदला!

आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. ते म्हणाले, "फुकट देतायत म्हणजे नक्की खोट असणार." फ्लॉपी गेली कपाटात.

प्रल्हादनं ती काढून अख्खा सोर्स छापून घेतला आणि सेलू-परभणी रेल्वेत रोज वाचायला लागला. शेजारचा म्हातारा तो गठ्ठा बघून म्हणाला, "लय मोठा निकाल हाय की! कोन जिंकलं?"

"अजून सुनावणी चालू हाय, काका!"

सहा-सात महिन्यांत तिन्ही मशीनवर एकच पास्कल चालायला लागलं.

*

प्रोग्राम चुकला की कंपायलर इंग्रजीत खेकसायचा. खेड्यातून शिकायला आलेली पोरं भ्यायची. प्रल्हादनं त्याला मराठी शिकवली, रोमन अक्षरांत. "बिगिन हाय, एंड कुठाय?" "येवढा आकडा मावत न्हाई, बाबा!" पोरं मुद्दाम चुकायला लागली!

साहेब भडकले, "ही काय गावठी भाषा!"

पुढच्या हप्त्यात मुंबईचे पाहुणे आले, ते वाचून पोट धरून हसले. साहेब म्हणाले, "आमचीच कल्पना!" दुसऱ्या दिवशी सोर्सच्या पहिल्या ओळीत प्रल्हादच्या जागी साहेबांचं नाव. ते टाईप कुणी केलं? मीच. साहेबांनी सांगितलं, मी केलं. आजबी लाज वाटते.

*

तवा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. आमचे हेडक्लार्क प्रल्हादला माठाला हात लावू द्यायचे न्हाईत. "बाहेर नळ हाय की रे!" अन् परीक्षेच्या निकालाचा प्रोग्राम अडकला की हेच गृहस्थ दारात उभे, "प्रल्हादराव, या की जरा!"

प्रल्हाद नळावर पाणी पिऊन यायचा अन् चालू करून द्यायचा. एकदा मी म्हणलं, "अडकू दे की एखाद दिवस."

"पोरांचे निकाल हायत त्यात," तो म्हणाला. "तुमी माठाचं बोला की त्यांना."

मी कशाला बोलतोय!

*

शेवटी जागा निघाली, पर्मनंट प्रोग्रामरची, एकच. कमिटी बाहेरगावची. परीक्षा आमच्याच मशीनवर, पास्कलमधी. मशीन बघायला म्हणून मी आत बसलेलो, कमिटीच्या शेजारी साहेब. बाहेर बाकावर प्रल्हाद, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याचा नंबर पाचवा. चौथा साहेबांचा भाचा.

भाचा आत आला अन् दहा मिनिटांत कंपायलर बंद पाडून बसला. साहेब स्वतः दारात गेले. "प्रल्हाद, जरा बघ रे."

प्रल्हाद चपला काढून आत आला. कमिटीसमोर वाकून दोन ओळी दुरुस्त केल्या. भाच्याचा प्रोग्राम चालला, कमिटी खूश! प्रल्हाद जाऊन परत बाकावर बसला.

शिपायानं पुकारलं, "नंबर पाच!"

प्रल्हाद पुन्हा आत आला. कमिटीचे अध्यक्ष चकित. "अहो, मगाशी तुम्हीच आला होतात ना?" अर्ज उलटापालटा करून म्हणाले, "यात अनुभवाचा दाखला दिसत नाही. इथं काय काम करता?"

प्रल्हादनं साहेबांकडं बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघायलेले. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. अध्यक्षांनीबी.

"काय हो ऑपरेटर, हे इथं काय करतात?"

मी म्हणालो, "मशीन पुसतो, साहेब."